पोटातल्या बाळाचं जेवण: कधी काय महत्त्वाचं, आणि कशाचा बाऊ नको

माझं जन्मवजन १ किलो ९०० ग्रॅम. आईच्या कागदपत्रांच्या डब्यात एक पिवळट कागद आहे, त्यावर निळ्या शाईत तेवढंच लिहिलंय: तारीख, वेळ, वजन. एकेचाळिसाव्या वर्षी मला मधुमेह निघाला, तेव्हा मी बारीक होते, रोज चालत होते आणि आहारतज्ज्ञ म्हणून सोळा वर्षं गरोदर बायकांना काय खायचं ते सांगत होते. रिपोर्ट हातात पडल्यावर मी तो कागद शोधून काढला. आई शेजारीच होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे माझंच चुकलं का गं?"

मी नाही म्हटलं, आणि ते खरंच होतं. माझ्या वेळी पाचवा महिना लागेपर्यंत तिच्या पोटात काही ठरत नव्हतं. पुढे भूक लागायला लागली तर कुणीतरी सांगितलं, कमी खा, बाळ मोठं झालं तर बाळंतपण अवघड जाईल. तिनं ऐकलं. उलट सांगणारं तिच्या आसपास कुणी नव्हतं. खालचं सगळं मी तिला तेव्हा सांगितलं असतं तसं लिहिलंय. एक गोष्ट मात्र आधीच डोक्यात बसवून घ्या: गरोदरपणात काय खाल्लं याच्याइतकंच ते कधी खाल्लं यालाही महत्त्व आहे. बहुतेक घरांत सगळा जोर सातव्या महिन्यानंतर लागतो. खरी घाई असते ती पाळी चुकायच्याही आधी.

नऊ महिन्यांचं पन्नाशीत कसं निघतं

इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून एथेल मार्गारेट बर्नसाइड नावाच्या मुख्य परिचारिकेनं एक शिस्त लावली होती. जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाचं वजन करायचं, वर्षाचं झालं की पुन्हा करायचं, आणि दोन्ही आकडे वहीत चढवायचे. परिचारिका घरोघर जाऊन हे करत. त्या वह्या पुढे कित्येक वर्षं नुसत्या पडून होत्या. साउदॅम्प्टनचे डॉक्टर डेव्हिड बार्कर आणि त्यांचे सहकारी त्यांच्यापर्यंत पोचले आणि त्यांनी १९११ ते १९३० मध्ये जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांचं पुढे काय झालं ते शोधलं. १९८९ साली निष्कर्ष छापून आला: जन्मताना आणि वर्षाचं असताना ज्यांचं वजन सगळ्यात कमी होतं, त्यांच्यात हृदयविकारानं मरण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त होतं.

मला ही गोष्ट फार आवडते, कारण तिच्यात भारी यंत्र नाही, एक तराजू आणि नेटकं अक्षर आहे.

पण वजन म्हणजे सगळं नव्हे. हे डच लोकांच्या नशिबी आलेल्या उपासमारीनं दाखवलं. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन फौजांनी अन्नाची कोंडी केली आणि पश्चिम नेदरलँड्समध्ये माणशी शिधा दिवसाला ४०० ते ८०० कॅलरींपर्यंत खाली आला. मे १९४५ मध्ये सुटका झाली आणि जेवण पूर्ववत झालं. उपासमारीची सुरुवात आणि शेवट इतके ठळक असल्यामुळे कोणतं बाळ कितव्या महिन्यात उपाशी होतं ते नेमकं सांगता येतं. शेवटच्या तीन महिन्यांत उपासमार सोसलेली बाळं लहान जन्मली. पहिल्या तीन महिन्यांत सोसलेली मात्र चांगल्या वजनाची जन्मली, कारण पुढे आईला अन्न मिळालं होतं. तराजूवर सगळं आलबेल. आणि तरीही मोठेपणी हृदयविकार आणि लठ्ठपणा याच गटात जास्त दिसला. साठ वर्षांनी त्यांचं रक्त तपासलं, तर वाढीशी संबंधित एका जनुकावरच्या रासायनिक खुणा त्यांच्याच उपासमार न सोसलेल्या भावंडांपेक्षा कमी आढळल्या.

या खुणा म्हणजे काय, हे मी असं सांगते. जनुकं म्हणजे जाडजूड पुस्तक. आईच्या खाण्यानं त्यातला मजकूर बदलत नाही. पण काही पानं एकमेकांना चिकटवून टाकता येतात, म्हणजे ती वाचलीच जात नाहीत. चिकटवायचा डिंक तयार होतो तो फोलेट (फॉलिक ॲसिडची गोळी हे त्याचंच रूप), बी-१२, कोलीन असल्या गोष्टींतून. २००३ साली अमेरिकेत उंदरिणींना गाभण असताना हीच द्रव्यं जास्त दिली, तर एरवी पिवळी निघणारी पिल्लं तपकिरी रंगाची जास्त निघाली. जनुक तेच, पान मिटलेलं.

दुसरी वाट सरळ शरीरबांधणीची आहे. मूत्रपिंडातल्या गाळण्या, ज्यांना नेफ्रॉन म्हणतात, त्या एका मूत्रपिंडात सरासरी १० लाखांच्या आसपास असतात आणि साधारण छत्तिसाव्या आठवड्यानंतर नवीन बनत नाहीत. पोटात अन्न कमी पडलं की बाळ रक्त मेंदूकडे वळवतं आणि मूत्रपिंड, स्वादुपिंड यांच्या वाट्याला कमी येतं. म्हणजे जन्मतःच गाळण्या कमी. त्या कमी गाळण्यांवर आयुष्यभराचं काम पडतं आणि पुढे रक्तदाब वाढतो. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचंही असंच. पोटात टंचाईची सवय झालेल्या शरीराला बाहेर आल्यावर चमचमीत, गोड, भरपूर मिळालं की हिशेब चुकतो.

पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं केलेल्या पाहणीत आणखी एक बारकावा कळला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोच्या आसपास, हडकुळी दिसणारी. पण मोजल्यावर कळलं की स्नायू कमी आणि त्या मानानं चरबी टिकून. मी स्वतःला आरशात पाहिलं की मला हे पटतं.

आता तोल सांभाळायला एक सांगते. माझा धाकटा भाऊ साडेतीन किलोचा जन्मला, गुटगुटीत. त्यालाही रक्तदाबाची गोळी चालू आहे. पोटातल्या नऊ महिन्यांनी कल ठरतो, निकाल नाही.

पाळी चुकायच्या आधीचे तीन महिने

बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी गर्भधारणेनंतर २८ दिवसांत बंद होते. हिशेब करा: तोवर पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. कित्येकींनी अजून चाचणीही केलेली नसते. म्हणून फॉलिक ॲसिडची गोळी "दिवस राहिले की सुरू करू" असं म्हणण्यात अर्थ नाही. मूल हवं असं ठरलं की त्याच दिवशी सुरू करायची, रोज ४०० मायक्रोग्रॅम, आणि निदान बाराव्या आठवड्यापर्यंत चालू ठेवायची. आधीच्या बाळाला मणक्याचा दोष असेल तर डोस बराच मोठा लागतो. १९९१ सालच्या ब्रिटिश चाचणीत अशा बायकांना रोज ४ मिलिग्रॅम दिल्यावर दोष पुन्हा होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटला होता. पण हा डोस डॉक्टरांनी लिहून द्यायचा. आपलं आपण दहा गोळ्या घेऊन नाही.

याच काळात रक्ताच्या तीन तपासण्या करून घ्या: हिमोग्लोबिन, साखर आणि बी-१२. तिसरी बहुतेक वेळा राहून जाते. जी बाई मांस, मासे, अंडी खात नाही आणि दूधही बेताचंच घेते, तिच्यात बी-१२ कमी असण्याची शक्यता दांडगी, कारण हे जीवनसत्त्व कुठल्याही पालेभाजीत, डाळीत किंवा फळात भरवशाचं मिळत नाही. फोलेट आणि बी-१२ जोडीनं काम करतात. पुण्याच्या त्याच पाहणीत आईचं बी-१२ कमी आणि फोलेट जास्त अशी जोडी होती तिथे मुलांच्या अंगात सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची वृत्ती जास्त दिसली. याचा अर्थ फॉलिक ॲसिड टाळा असा मुळीच नाही. बी-१२ कडे बघा, एवढाच. मधुमेहाची किंवा पीसीओएसची (अंडाशयाचा, पाळी बिघडवणारा विकार) मेटफॉर्मिन चालू असेल तर नक्कीच बघा, ती गोळी बी-१२ खाली आणते.

आणि दारू, सिगारेट याच तीन महिन्यांत बंद. नवऱ्याचीसुद्धा. गरोदरपणात दारूचा सुरक्षित घोट असा कुणी मोजून दिलेला नाही.

पहिले तीन महिने: उलट्यांशी तह

इथे मी नियमांचं पुस्तक बाजूला ठेवते. माझ्या पहिल्या वेळी मला कुकरच्या वाफेचासुद्धा वास सहन होत नव्हता. सहाव्या आठवड्यापासून अकराव्यापर्यंत मी कोरडी बिस्किटं, केळी आणि बर्फाचे तुकडे यांवर काढले, आणि रोज रात्री रडत होते की आहारतज्ज्ञ असून आपण बाळाला उपाशी ठेवतोय. तेव्हा माझ्या डॉक्टरांनी मला सांगितलेलं मी आज सगळ्यांना सांगते: या काळात बाळ सेंटिमीटरांत मोजायचं असतं, त्याला जास्तीच्या कॅलरी जवळजवळ लागत नाहीत. फॉलिक ॲसिड पोटात राहतंय ना? पाणी राहतंय ना? मग चालेल.

पोटात ठरावं म्हणून जे जमलं ते असं. उशाशी काहीतरी कोरडं ठेवायचं आणि उठायच्या आधी, आडवं असतानाच दोन घास चावायचे. पोट पूर्ण रिकामं होऊ द्यायचं नाही, दर दोन तासांनी थोडंसं. गरम पदार्थाला वास जास्त येतो, म्हणून जेवण गार किंवा कोमट. पाणी जेवताना नाही, मधल्या वेळात घोट घोट. आल्याचा तुकडा बऱ्याच जणींना मानवतो. बी-६ ची गोळी डॉक्टरांना विचारून. लोहाच्या गोळीनं मळमळ वाढत असेल तर ती रात्री घ्यायची किंवा डॉक्टरांच्या सल्ल्यानं काही आठवडे पुढे ढकलायची.

पण तहालाही हद्द असते. दिवसभरात लघवी फारशी झाली नाही, झाली ती गडद पिवळी, पाण्याचा घोटही टिकत नाही, किंवा आधीच्या वजनाच्या ५ टक्के वजन उतरलं, तर घरी बसायचं नाही. पंचावन्न किलोच्या बाईसाठी ५ टक्के म्हणजे पावणेतीन किलो. सलाईन लागतं, लाज कसली.

वही: तीन दिवसांचं खरं खाणं

उलट्या उतरल्या की मी प्रत्येकीला एक काम देते. तीन दिवस, त्यातला एक सुट्टीचा, जे तोंडात गेलं ते सगळं लिहायचं. वेळ, काय, किती, आणि सोबत काय प्यायलं. चांगलं दिसावं म्हणून काही वाढवायचं नाही. एकीनं दुसऱ्या दिवशी रात्री अकरा वाजता लिहिलं होतं, "फ्रिजसमोर उभं राहून, काय ते आठवत नाही." मला तिची वही सगळ्यात उपयोगी पडली.

दुसऱ्या एकीचं हिमोग्लोबिन ९.४ होतं आणि लोहाची गोळी दोन महिने इमानेइतबारे चालू होती. डॉक्टर चक्रावले होते. वही उघडली: सकाळी आठ, चहा, गोळी. रोज. चहातल्या टॅनिननं लोह आतड्यात अडतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. गोळी तीच ठेवली, फक्त जागा बदलली: दुपारच्या जेवणाआधी, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर. चहा आणि गोळी यांत दोन तासांचं अंतर. कॅल्शियमची गोळी होती ती रात्री, कारण कॅल्शियमही लोहाला आडवं जातं. सहा आठवड्यांनी १०.६. ताटात एक दाणाही वाढवला नव्हता.

लोहाचा नाद मी सोडत नाही, त्याला कारण आहे. शेवटच्या तीन महिन्यांत बाळ आईकडून लोह घेऊन साठवतं आणि जन्मानंतरचे जवळजवळ सहा महिने त्याच साठ्यावर काढतं, कारण आईच्या दुधात लोह थोडंच असतं. हा काळ मेंदूच्या वाढीचा. जागतिक आरोग्य संघटना गरोदर बाईला रोज ३० ते ६० मिलिग्रॅम लोह सांगते. शौचाला काळं होतं, बद्धकोष्ठ होतो, हे खरं. पाणी वाढवा, फळ सालीसकट खा, आणि तरीही त्रास झाला तर गोळी बदलून मागा. बंद करू नका.

चौथ्यापासून पुढे: ताटात भर

"आता दोघांचं खायचं" हे ऐकून ऐकून कान किटतात. दुसऱ्या तिमाहीत रोज सुमारे ३५० कॅलरी जास्त लागतात, तिसरीत सुमारे ४५०. म्हणजे एक पेला दूध, मूठभर शेंगदाणे आणि एक केळं. झालं.

त्या भरीत काय असावं, हा मुद्दा आहे. प्रथिनं वजनाच्या दर किलोमागे साधारण १.१ ग्रॅम धरा. पंचावन्न किलोला ६० ग्रॅम. एका अंड्यात ६, पेलाभर दुधात ८, मूठभर शेंगदाण्यांत ७, शिजलेल्या डाळीच्या मोठ्या वाटीत १५ च्या पुढे, शंभर ग्रॅम माशात २० च्या आसपास. बेरीज करून बघा, डब्यातली पावडर बहुतेकींना लागतच नाही. उलट प्रथिनांचा भारी मारा करणारी पूरकं गरोदरपणात देऊ नयेत असंच जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे, कारण चाचण्यांत त्यांनी बाळं लहान निघाली. माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या सात जणींच्या घरी असा डबा असतो, भेट आलेला.

अंडं खात असाल तर रोज खा, पिवळ्या बलकासकट, पूर्ण शिजवून. कोलीन हे मेंदूच्या वाढीला लागणारं द्रव्य गरोदरपणात रोज ४५० मिलिग्रॅम लागतं आणि एका अंड्यात दीडशेच्या घरात मिळतं. दुसरं इतकं सोपं साधन मला माहीत नाही.

मासे आठवड्यातून दोनदा, छोटे. लहान माशांत पारा कमी असतो. शार्क, तलवारमासा यांसारखे मोठे शिकारी मासे टाळायचे. माशांतलं ओमेगा-३ मुदतीआधी बाळंतपण होण्याचा धोका थोडा कमी करतं.

पालेभाज्या, फळं आणि दूध यांबद्दल पुण्याच्या पाहणीत फार बोलका निष्कर्ष होता: नुसत्या एकूण कॅलरींपेक्षा या तीन गोष्टी ज्या आया जास्त वेळा खात होत्या, त्यांची बाळं मोठी होती. म्हणून मी पानांची भाजी रोज मागते. आठवड्यातून एकदा मोठा ढीग, हा हिशेब मला चालत नाही.

मिठाचं एकच सांगते: आयोडिनयुक्त. गरोदरपणात रोज २५० मायक्रोग्रॅम आयोडिन लागतं, थायरॉइड त्यावर चालतं आणि बाळाचा मेंदू त्या थायरॉइडवर. २०१३ साली ब्रिटनमधल्या एका पाहणीत आईला आयोडिन थोडंसंच कमी होतं तिथेही मुलांचा आठव्या वर्षीचा बुद्ध्यांक जरा कमी भरला. सैंधव आणि गुलाबी मीठ दिसायला छान, पण त्यात भरवशाचं आयोडिन नसतं. घरात फॅशन म्हणून मीठ बदललं असेल तर परत बदला.

साखर, आणि माझी दुसरी वेळ

कमी खाल्ल्यानं होतं तसंच जास्त साखरेनंही होतं. हे मी दुसऱ्या खेपेला अंगावर काढलं. २६ व्या आठवड्यात उपाशीपोटी साखर १०२ आली. गरोदरपणात ती ९५ च्या आत हवी, जेवणानंतर तासाभरानं १४० च्या आत. आईची साखर नाळेतून सरळ पलीकडे जाते, तिचं इन्सुलिन जात नाही. मग बाळ स्वतःचं इन्सुलिन जास्त बनवतं, आणि इन्सुलिन म्हणजे चरबी साठवण्याचा हुकूम. २००८ साली छापून आलेल्या, नऊ देशांतल्या तेवीस हजारांहून जास्त बायकांच्या मोठ्या अभ्यासात दिसलं की आईची साखर जसजशी वर, तसतसं बाळाचं वजन वर. मध्ये कुठे सुरक्षित उंबरठा असा नाही. अशा मुलांत पुढे लठ्ठपणा आणि साखरेची गडबड जास्त.

मी बोटाला सुई टोचून तासातासाचे आकडे लिहिले. फळांचा रस आणि दोन ब्रेड: १६८. दोन अंडी, काकडी-टोमॅटो आणि शेवटी एक ब्रेड: १२८. भुकेत फरक नव्हता. भाजी आणि प्रथिनं आधी, पिठूळ पदार्थ शेवटी, आणि जेवल्यावर पंधरा मिनिटं चालणं, एवढ्यावर माझं भागलं. सगळ्यांचं भागत नाही. इन्सुलिन लागलं तर घ्या, त्यात हरल्यासारखं काही नाही. फळ खा, रस पिऊ नका. चोथा काढला की उरतं ते साखरपाणी.

ब्रिटनमध्ये युद्धकाळापासूनची साखरेची रेशनिंग सप्टेंबर १९५३ मध्ये उठली आणि खप झटक्यात वाढला. रेशनिंगमध्ये गर्भात आणि पहिल्या दोन वर्षांत वाढलेल्यांची नंतरच्यांशी तुलना २०२४ साली छापून आली: टाइप-२ मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्के कमी, रक्तदाबाचा सुमारे २० टक्के. त्यातला साधारण तिसरा हिस्सा एकट्या पोटातल्या काळाचा.

वजनाचा काटा

अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं २००९ साली दिलेले आकडे बऱ्याच ठिकाणी वापरतात. गरोदरपणाआधी बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा) १८.५ च्या खाली असेल तर साडेबारा ते १८ किलो वाढ. १८.५ ते २४.९ असेल तर साडेअकरा ते १६. २५ ते २९.९ ला ७ ते साडेअकरा. ३० च्या वर ५ ते ९. दर महिन्याला एकाच काट्यावर, सकाळी, त्याच तऱ्हेच्या कपड्यांत. वजन जास्त आहे म्हणून या नऊ महिन्यांत डाएट करायचं नाही. आणि एका आठवड्यात दोन किलो चढले, हातपाय सुजले, डोकं दुखतंय, तर ते खाण्यानं नव्हे. रक्तदाब तपासायला जा, त्याच दिवशी.

नको ते, थोडक्यात

कच्चं दूध, कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं मांस आणि अंडी नकोत. त्यांतले लिस्टेरिया, टॉक्सोप्लाझ्मा हे जंतू नाळ ओलांडतात. प्राण्याचं यकृत, म्हणजे कलेजी, नको, त्यातलं अ जीवनसत्त्व या काळात झेपण्यापलीकडचं असतं. कॅफीन दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत, म्हणजे एक-दोन कप कॉफी. ज्येष्ठमध "साधं औषधी मूळ" म्हणून चघळू नका. फिनलंडमध्ये ज्या आयांनी ज्येष्ठमधाची मिठाई फार खाल्ली होती त्यांची मुलं पुढे बुद्धीच्या चाचण्यांत मागे पडली.

शेंगदाणे मात्र उगीच बदनाम झाले. बाळाला ॲलर्जी होईल म्हणून आयांनी टाळावेत असा सल्ला अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २००० साली दिला होता आणि २००८ साली तो मागे घेतला. तुम्हाला स्वतःला ॲलर्जी नसेल तर खुशाल खा.

पपई खाल्ली, अननस खाल्ला, अमुक फळ खाल्लं आणि आता काय होईल, असे फोन मला आठवड्याला चार येतात. पिकलं, धुतलेलं, बेताचं फळ खाल्ल्यानं काही होत नाही.

चव

यात मला सगळ्यात मजा वाटते. बाळ गर्भजल गिळत असतं आणि आईनं खाल्लेल्याची चव त्यात उतरते. २००१ साली छापलेल्या एका प्रयोगात काही गरोदर बायकांनी शेवटच्या तिमाहीत नेमानं गाजराचा रस प्यायला. त्यांच्या बाळांना पुढे गाजराच्या चवीचा घास दिला तर त्यांनी तोंडं कमी वाकडी केली. २०२२ मध्ये इंग्लंडच्या डरहॅममधल्या संशोधकांनी आयांना गाजराची किंवा केल या कडसर पानाची कॅप्सूल देऊन सोनोग्राफीत बाळांचे चेहरे पाहिले. गाजराला ओठ हसल्यासारखे, केलला रडवेले.

म्हणजे कडू-तुरट भाज्या मुलानं खाव्यात असं वाटत असेल तर शिकवणी सातव्या महिन्यात सुरू करा. रोज वेगळी भाजी, नावडतीसुद्धा, दोन घास. माझ्या मोठ्या मुलीच्या वेळी मी बिस्किटांवर होते. ती आजही भाजीकडे संशयानं बघते. हा काही पुरावा नव्हे, पण घरात त्यावरून माझी थट्टा होते.

बाळ जन्मल्यावर एक कागद

जन्मवजन, कितव्या आठवड्यात जन्म, आईचं हिमोग्लोबिन, आईची साखर आणि रक्तदाब, उलट्यांनी किती आठवडे गेले. पाच ओळी. बाळ लहान जन्मलं असेल तर त्याला भराभर गुटगुटीत करायची घाई करू नका. लहान जन्मून पुढे झपाट्यानं फुगलेल्या मुलांत साखर आणि रक्तदाब जास्त दिसतात. उंची वाढतेय ना, ते बघा. आणि हा कागद मुलाला अठराव्या वर्षी द्या, म्हणजे तिशीत ते स्वतःची साखर आणि रक्तदाब तपासायला लागेल. मी चाळिशीपर्यंत थांबले कारण बारीक माणसाला मधुमेह होत नाही असं मीही मनात धरून चालले होते.

कागदाचा फोटो काढून ठेवा. माझ्या कागदावरची शाई उडत चाललीय, १ किलो ९०० मधला ९ आता निम्माच दिसतो.